राबणारे हात आणि रमणारे मन

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपल्या घरांतून अजून ऐकू येते. पण ती म्हणणारा बापच मुलासाठी नोकरी शोधत असतो, हेही तितकेच खरे. पाचोऱ्यासारख्या गावी तर हे नित्याचेच. एका बाजूस कपाशीची काळी जमीन, दुसऱ्या बाजूस मुंबईकडे जाणारा लोहमार्ग, आणि मधे उभा असलेला मुलगा. दिवाळीच्या फराळाला भावंडे जमली की नोकरीवाला म्हणतो, खरे सुख शेतीत आहे. शेतीवाला म्हणतो, पहिल्या तारखेला पगार घेणाऱ्याने हे खुशाल बोलावे! मग समाधान राहते तरी कोठे? कामात, की काम करणाऱ्याच्या मनात?

खानदेशच्या मातीतल्या एका कवयित्रीने आणि खानदेशच्या वेशीवरच्या एका कवीने या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्यानेच दिले आहे. त्यांच्या कवितेकडे या दृष्टीने पुन्हा एकदा पाहण्याजोगे आहे.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या असोद्याच्या लेक आणि जळगावच्या सून. अक्षरओळख नाही, तेराव्या वर्षी लग्न, पुढे ऐन उमेदीत वैधव्य. शेत आणि घर यांतले कोणतेही काम त्यांनी निवडलेले नव्हते. ते वाट्याला आले होते. त्यांच्या निधनानंतर १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्र चकित झाला. तेव्हापासून एक समजूत रूढ झाली आहे: बहिणाबाई म्हणजे कष्टातही समाधानी असलेली साधीभोळी शेतकरीण. ही समजूत गोड आहे, पण माझ्या मते ती अपुरी आहे.

त्यांची गाणी नीट वाचली तर त्यांत मुकाट सोसणे फार थोडे आढळते. आढळतो तो विचार. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी या कामांवर त्यांची गाणी आहेत. उपणताना वारा पडलेला असला तर त्या नुसत्या कंटाळून उभ्या राहत नाहीत. वाऱ्यालाच हाक मारून त्याच्याशी बोलतात. जात्याशी संवाद करता करता पीठ आणि गाणे यांचे नाते त्यांना उमगते. सुगरणीचा खोपा पाहिला की एवढ्याशा चोचीचे कौशल्य त्या माणसाच्या दोन हातांशी ताडून पाहतात. आणि भविष्य सांगायला आलेल्या ज्योतिषाला तर त्या दारातूनच परत पाठवतात! नशिबाला शरण गेलेल्या बाईचे हे वागणे नव्हे. हात परक्या गरजांसाठी राबत असतानाही मनाचा एक कोपरा त्यांनी स्वतःच्या मालकीचा ठेवला होता. त्यांच्या समाधानाचे मूळ त्या कोपऱ्यात आहे.

आपली संतपरंपरा येथे आठवल्यावाचून राहत नाही. सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी यांनीही आपापला धंदा सोडला नाही. पण संतांना धंद्यात देव दिसला. बहिणाबाईंना धंद्यातच पाहण्या-विचारण्यासारखे इतके दिसले की त्यासाठी दुसरीकडे जावे लागले नाही.

ना. धों. महानोरांची गोष्ट याच्या उलट. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी २०२० साली बंद झाली. ती ज्या शेंदुर्णीवरून जात असे, तेथे महानोर शाळेत होते. पुढे जळगावचे महाविद्यालय त्यांनी पाहिले, आणि ते अर्ध्यावर सोडून अजिंठ्याच्या डोंगरालगतच्या आपल्या पळसखेड्याला ते शेतीसाठी परतले. बहिणाबाईंना निवड नव्हती. महानोरांनी ती केली. १९६७ साली त्यांच्या 'रानातल्या कविता' आल्या. १९७७ साली 'जैत रे जैत'मधली त्यांची गाणी घरोघरी पोचली. परंतु रानावर कविता लिहून ते थांबले नाहीत. पाणी अडवणे, फळबागा लावणे असे प्रयोग त्यांनी त्याच रानात केले, आणि १९७८ साली विधान परिषदेवर गेल्यावर तेथेही शेतीपाण्याचेच बोलत राहिले. कवितेत नवी प्रतिमा शोधणारी बुद्धी आणि शेतात पाण्याला नवी वाट शोधणारी बुद्धी, या दोन निराळ्या नव्हेत, हे महानोरांनी दाखवून दिले. २०२३ साली ते गेले.

दूरदेशीच्या अभ्यासकांनाही याच वाटेवरचे काही गवसले आहे. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या अमेरिकेतील दोन विदुषींनी २००१ साली एक विचार मांडला: माणूस नेमून दिलेले काम आपल्या हाताने नव्याने घडवू शकतो. त्यांच्या उदाहरणांत रुग्णालयातले सफाई कामगार होते. काहींच्या लेखी काम म्हणजे नुसता झाडू. काहींनी मात्र रोग्याच्या शुश्रूषेत आपलाही वाटा आहे असे मानले आणि कामाला तशी वळणे दिली. हुद्दा तोच, परंतु समाधान निराळे.

मात्र येथे एक धोका आहे. कपाशीचा भाव पडला आणि कर्ज डोक्यावर बसले, अशा माणसाला 'दृष्टी बदला' असे सांगणे ही क्रूर थट्टा होय. तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्याला कामात रमण्याचा उपदेश पुष्कळदा त्याच्या मालकाच्याच सोयीचा असतो. गाण्याने जात्याचा भार हलका वाटतो. पण दळायला दाणे लागतात, ते गाण्याने येत नाहीत. म्हणूनच महानोरांचे उदाहरण मोलाचे. त्यांची दृष्टी परिस्थितीला गोड मानून घेणारी नव्हती. ती पाण्याच्या प्रश्नाला भिडणारी होती. सर्जक मनाची खूण हीच. ते असमाधानालाही कामाला लावते.

तेव्हा शेती की नोकरी, हा वाद फराळाच्या ताटांभोवती यंदाही रंगेल, रंगू द्यावा. पगार किती, सुट्या किती, बदली कोठे हे प्रश्न मुलाला अवश्य विचारावेत, कारण पोट खरे आहे. त्यांच्या जोडीला आणखी एक विचारावा: या कामात तुला स्वतःच्या डोक्याने काही करून पाहता येईल असा कोपरा आहे का? बहिणाबाईंना तो कोणी दिला नव्हता. जात्याच्या घरघरीत त्यांनी तो स्वतःच राखला. आपल्या मुलामुलींना तो राखण्यासाठी इतके झगडावे लागू नये, एवढे पाहणे मात्र आपल्या हाती आहे.