घरगुती पाळणाघराचे निरीक्षण आणि दाद मागण्याचा हक्क : इंग्लंडमधील व्यवस्थेची चिकित्सा

पाळणाघर चालविणाऱ्या स्त्रीचे घर हेच तिचे व्यवसायस्थळ असते. त्यामुळे तिच्या कामाविषयीचा प्रतिकूल शेरा हा पर्यायाने तिच्या घराविषयीचा आणि तिच्याविषयीचाच शेरा ठरतो. असा शेरा अन्यायकारक असेल, तर तिने दाद कोणाकडे मागावी? इंग्लंडमधील व्यवस्थेच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

स्वतःच्या घरी इतरांची मुले सांभाळणाऱ्या व्यक्तीस तेथे ‘चाइल्डमाइंडर’ म्हणतात. त्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ मध्ये झाला. २००१ पासून हे काम स्थानिक प्राधिकरणांकडून ‘ऑफस्टेड’ या शासकीय निरीक्षणसंस्थेकडे आले आणि २००६ च्या चाइल्डकेअर ॲक्टने आजची चौकट घालून दिली.

नोंदणी रद्द करावयाची असल्यास ऑफस्टेडला सामान्यतः आधी नोटीस द्यावी लागते. त्यावर १४ दिवसांत हरकत घेता येते आणि निर्णयाविरुद्ध २८ दिवसांत ‘फर्स्ट-टियर ट्रायब्युनल’ या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. तेथे सिद्धतेचा भार ऑफस्टेडवर असतो. पुरावा नव्याने तपासला जातो, निरीक्षकाची उलटतपासणी होऊ शकते आणि सुनावणीच्या वेळची परिस्थितीही विचारात घेतली जाते. निलंबनाविरुद्धही अपिलाची सोय आहे. मात्र तेथे मुलांना हानी पोहोचण्याची वाजवी शंका पुरेशी असल्याने ती लढाई अधिक अवघड असते.

परंतु निरीक्षणात मिळालेल्या श्रेणीविरुद्ध असे अपील नाही, आणि या व्यवस्थेतील खरा दोष तोच होय. अहवालाच्या मसुद्यावर हरकत घेण्यास कामकाजाचे अवघे पाच दिवस मिळतात. औपचारिक तक्रारीचा विचार ऑफस्टेडच करते. तिच्याबाहेरील तक्रार-निवाडा सेवा तक्रार कशी हाताळली गेली एवढेच पाहते. श्रेणी बदलण्याचा अधिकार तिला नाही. उरतो तो उच्च न्यायालयातील न्यायिक पुनर्विलोकनाचा मार्ग. सहा मुलांच्या शुल्कावर घर चालविणाऱ्या बाईला त्याचा खर्च परवडेल, असे कोण म्हणेल?

श्रेणी ही केवळ प्रतिष्ठेची बाब असती, तर हा भेद समजण्यासारखा होता. तसे नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंतच्या पद्धतीत सर्वांत खालची श्रेणी मिळालेल्या चालकाचे शासकीय अनुदानित तासांचे पैसे स्थानिक प्राधिकरणाने काढून घ्यावेत, असे शासनाचे मार्गदर्शन होते. म्हणजे नोंदणी शाबूत आणि उत्पन्न बंद. न्यायाधिकरणाचे दार मात्र नोंदणी जाण्याची वेळ आल्याशिवाय उघडत नाही.

ड्युरँड अकॅडमी या शाळेच्या प्रकरणात २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ऑफस्टेडची तक्रारपद्धती अन्याय्य ठरविली होती. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. प्रसिद्धीपूर्व तपासणी आणि मसुद्यावर मत मांडण्याची संधी धरून पाहता ती प्रक्रिया न्याय्य आहे, असा त्याचा आशय. शाळेपाशी विश्वस्त असतात, वकील असतात. हेच गृहीत एकट्या चाइल्डमाइंडरला लावणे पटण्यासारखे नाही. दिवसभर मुले सांभाळून, ती घरी गेल्यावर रात्री तिला मसुदा वाचावा लागतो.

अशा स्थितीत हरकतीचे बळ तिच्या नेमकेपणात असते. ‘निरीक्षकाचा पूर्वग्रह होता’ हे विधान सिद्ध करणे कठीण. ‘अहवालातील अमुक वाक्य नियमाला धरून नाही’ हे दाखविणे शक्य. उदाहरणार्थ, बालसुरक्षेचे लेखी धोरण नाही म्हणून एखाद्या चाइल्डमाइंडरला दोष दिला, असे समजू. २००८ पासून लागू असलेल्या ‘अर्ली इयर्स फाउंडेशन स्टेज’ या नियमावलीच्या आजच्या रूपात तिच्यावर लेखी धोरणाची सक्ती नाही. आपली कार्यपद्धती तिला समजावून सांगता आली पाहिजे, एवढेच अपेक्षित आहे. तो शेरा नियमाच्या आधारेच खोडता येतो. हजेरीपट, अपघातांची नोंदवही आणि निरीक्षणाच्या दिवशीच केलेली टिपणे यांच्या आधारे तथ्यांच्या चुका दाखविता येतात. ‘मुलांशी संवाद पुरेसा समृद्ध नव्हता’ यासारखा गुणवत्तेचा शेरा मात्र जवळजवळ अभेद्य असतो. त्या खोलीत प्रौढ माणसे बहुधा दोनच, आणि दोघांपैकी एकाचेच म्हणणे अहवाल म्हणून प्रसिद्ध होते.

नोव्हेंबर २०२५ पासून एका सर्वसमावेशक श्रेणीऐवजी अनेक शीर्षकांखाली पाच पायऱ्यांचे मूल्यमापन सुरू झाले आहे. एका शब्दाचा जाच त्यामुळे कमी झाला, हे खरे. पण प्रत्येक शीर्षकागणिक मतभेदाची जागा वाढली आणि त्या मतभेदांचा निवाडा करणारे न्यायाधिकरण अजूनही श्रेणीसाठी बंदच आहे.