कोलामीचें अस्सल साधन : एक ग्रंथपरीक्षण

वऱ्हाड-नागपूरकडील सनदा, महजर व वतनपत्रें यांनीं संग्राहकांचे रुमाल भरलेले आहेत. परंतु याच मुलखांतील कोलाम लोकांच्या भाषेला परंपरागत लिपि नाहीं. तिचा पुरावा शोधणारास पोथीऐवजीं छापील पुस्तकाकडेच वळावें लागतें. मरे एमेनो यांचा 'कोलामी : एक द्राविडी भाषा' हा कॅलिफोर्निया विद्यापीठानें 1955 सालीं प्रसिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ आम्ही त्याच दृष्टीनें तपासावयास घेतला आहे. त्यांतील मुख्य बोली वर्धा जिल्ह्याची असल्यामुळें, पिपरी मेघे येथें बसून वाचणाऱ्या आम्हांस तो घरचाच वाटतो.

एमेनो यांच्यापूर्वीं कोणीं यांत हात घातलाच नव्हता असें नाहीं. नागपूरचे पाद्री हिस्लॉप यांचे कागद त्यांच्या पश्चात् 1866 सालीं टेंपल यांनीं छापले. त्यांत कोलामी शब्द आहेत. ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीच्या चवथ्या खंडांत (1906) पुसदकडील तथाकथित 'भिली' ही वस्तुतः कोलामीच्या जवळची असल्याचें दाखविलें आहे. जमातीच्या नांवावरून भाषा ठरविणारांनीं हें विसरूं नये. फारसी साधनांचे अभ्यासक म्हणून आपणांस परिचित असलेल्या हेग (1897) व सेतुमाधवराव पगडी (1950) या दोघांनींही कोलामीकडे लक्ष दिलें. पगडी यांनीं तर तिचें व्याकरणच लिहिलें. शिवकालाचे अभ्यासक पगडींचे इतर ग्रंथ उशाशीं ठेवतात, हा मात्र क्वचितच उघडतात.

नुसती शब्दांची यादी म्हणजे फुटका ताम्रपट. अक्षरें दिसतात, वाक्य लागत नाहीं. एमेनो 1935 ते 1938 या काळांत हिंदुस्थानांत होते. बोलणारांच्या तोंडून टिपलेली भाषा त्यांनीं व्याकरण, सलग कथनें व शब्दकोश अशा रूपानें दिली. पाठभेद लावण्याची संवय असलेल्या वाचकास यांत पुष्कळ खाद्य आहे. पाण्याला वर्ध्याकडे 'ईर' म्हणतात, किनवटकडे 'नीर'. तमिळांतही 'नीर' असल्यामुळें किनवटचा पाठ जुना, वर्ध्याचा गळित होय. (हा शब्द संस्कृतांतून आला असें कोणी म्हणेल, संस्कृतानेंच तो द्राविडींतून घेतला, असें बहुतेक भाषापंडित मानतात.) पुरुषाला 'अम्द', तर स्त्री, पशु व वस्तु या सर्वांना 'अद' हें सर्वनाम. चारापर्यंत आंकडे घरचे, पांचापासून तेलुगु वळणाचे. यावरून तेलंगणाशीं जुना संबंध दिसतो. पण कोलाम तेथूनच आले असें अनुमान काढण्याची घाई नको, कारण आंकडे बाजारांतूनही येतात.

लिपि नसलेल्या लोकांचे शब्द परभाषेंतच उरले म्हणजे काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुकामिश लोकांचें घ्यावें. त्यांचा नायक सिॲटल याचें 1854 च्या सुमाराचें भाषण जगप्रसिद्ध आहे. परंतु डॉक्टर हेन्री स्मिथ यांनीं तें इंग्रजींत छापलें तें 1887 सालीं. मूळ लशूटसीड भाषेंतील वाक्यें उरलीं नाहींत. बखरीच्या उत्तरकालीन नकलेला आपण जेवढा विश्वास देतों, तेवढाच त्यास द्यावा. एमेनो यांचीं कोलामी कथनें या कसोटीला अस्सल ठरतात.

ग्रंथाचा दोष वेगळा आहे. रोमी लिपींतील ध्वनिचिन्हें व इंग्रजी परिभाषा यांमुळें ज्यांचें हें धन त्यांनाच तें परकें झालें आहे. शिक्षण मातृभाषेंतून द्यावें असा ठराव 1937 च्या ऑक्टोबरांत याच वर्ध्यांतील शिक्षणपरिषदेनें केला होता. 2011 च्या जनगणनेंत कोलामी मातृभाषा सांगणारे 1,28,451 लोक आहेत. तेव्हां या कथनांची देवनागरी आवृत्ति निघावी, व ती छापण्यापूर्वीं वर्धा-यवतमाळकडील पोडांवर वाचून घ्यावी. कोलामींत ह्रस्व व दीर्घ 'ए', 'ओ' असा भेद आहे, म्हणून 'ऎ' व 'ऒ' हीं अक्षरें आधींच करवून ठेवावीं लागतील. नाहीं तर घराला असलेला 'ऎल्ल' हा शब्दही चुकीचा छापला जाईल.