बाप्तिस्म्यानंतरचे दिवस

बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रात धर्मांतरापूर्वीची मनाची घालमेल प्रांजळपणे उतरली आहे. परंतु आमच्या मते श्रद्धेची खरी कसोटी बाप्तिस्म्यानंतरच्या नित्य व्यवहारात लागते. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले ब्राह्मण नारायण शेषाद्री पुढे मिशनरी होऊन निजामाच्या मुलखात जालन्यास गेले. सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे गाव वसविले. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्याच शेजारी ते राहिले. हे प्रवचनाहून अवघड होय. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये श्रद्धा चुलीपाशी बसून पारखली. बेथेलच्या विहिरीवर तशी एखादी लेखणी असती, तर त्या शेजाराचे मोल आम्हांस अधिक उमगले असते.