इसहाकाजवळ थोडे थांबावे

ईस्टरच्या जागरणविधीतील वाचनांत उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायाला मानाचे स्थान आहे. या अध्यायात इसहाक लाकडे वाहत डोंगराकडे निघतो आणि आपले मन तत्काळ कालवारीकडे धाव घेते. ही वाट ख्रिस्तसभेच्या आद्य आचार्यांनीच दाखविलेली असल्याने ती अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु या घाईत इसहाक केवळ सावलीपुरता उरतो आणि आब्राहामची व्यथा आपल्याला स्पर्शही करीत नाही. अशा वेळी यहुदी भाष्यकार आपल्याला थांबवितात, हे त्यांचे आपल्यावरील ऋण आहे, असे आम्हांस वाटते.

फ्रान्समधील त्र्वा नगरीचे रब्बी श्लोमो यित्झाकी (१०४०–११०५), म्हणजेच यहुदी परंपरेतील 'राशी', यांचेच भाष्य पाहू. परमेश्वर केवळ 'इसहाक' असे न म्हणता आधी पुत्र, मग एकुलता, मग लाडका आणि शेवटी नाव, अशा पायऱ्यांनी आज्ञा देतो. असे का? प्राचीन रब्बींच्या आधारे राशी या पायऱ्यांमध्ये आब्राहामची न लिहिलेली उत्तरे ऐकतात. पुत्र तर दोन आहेत. प्रत्येक जण आपापल्या आईचा एकुलताच. आणि प्रेम दोघांवरही आहे! मागच्याच अध्यायात घराबाहेर पडलेला इश्माएल येथे पित्याच्या हृदयात पुन्हा दिसतो.

पितापुत्र बरोबर चालले, हे शास्त्र दोनदा सांगते. राशी म्हणतात, पहिल्या वेळी पुत्र अजाण होता. दुसऱ्या वेळी त्याला सारे उमगले होते, तरीही दोघांचे मन एकच राहिले. म्हणजे इसहाक मुके कोकरू नव्हे. 'बेरेशीत रब्बा' या प्राचीन टीकाग्रंथात तर त्याला स्वतःचा क्रूस खांद्यावर वाहणाऱ्या माणसाची उपमा आहे! लगेच पुढे येणारा सारेचा मृत्यू राशी याच घटनेच्या वार्तेशी जोडतात. क्रूसाखाली मरियेला पाहणाऱ्या आपल्याला ही माता परकी कशी वाटावी?

मात्र हे भाष्य केवळ अलंकार म्हणून उचलता येणार नाही. १०९६ मध्ये धर्मयुद्धास निघालेल्या ख्रिस्ती टोळ्यांनी वोर्म्स व माइन्झ येथील यहुद्यांची कत्तल केली. राशींचे शिक्षण याच नगरांत झाले होते. त्या संहाराच्या यहुदी वृत्तान्तांत आब्राहामच्या वेदीचे स्मरण आहे. येथे मात्र सुरी थांबली नाही.

चौदाव्या शतकात फ्रान्सिस्कन भाष्यकार निकोलस ऑफ लिरा यांनी राशींचा मोठा आधार घेतला. १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने यहुद्यांशी बंधुभावाने संवाद साधण्यास सांगितले. २००१ मध्ये परमगुरूंच्या बायबल आयोगाने यहुदी शास्त्रवाचनापासून ख्रिस्ती लोक पुष्कळ शिकू शकतात, हे मान्य केले.

राशींना इसहाकात ख्रिस्त दिसत नाही. त्यांच्या तोंडी आपली श्रद्धा घालणे हा अन्यायच ठरेल. हा भेद मान्य करूनच त्यांना ऐकावे. आपल्या घरी हा अध्याय वाचताना क्रूसाचे नाव घेण्यापूर्वी त्या चार पायऱ्यांवर क्षणभर थांबावे. पुत्राचे दान म्हणजे काय, हे आधी आब्राहामकडून समजून घ्यावे आणि मगच कालवारीकडे वळावे.