शाळेने दिलेली ओळख : ग्रीस आणि वऱ्हाड

मंडळी, आजचा विषय अकोला-अमरावतीचा आहे, पण तिथे आपण ग्रीसवरून जाऊ. वाट लांबची आहे खरी, पण उपयोगाची आहे.

ग्रीस स्वतंत्र होण्यापूर्वी तिथला खेडूत स्वतःला 'हेलेन' म्हणवीत नसे. तो 'रोमिओस' म्हणे. म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याचा ख्रिस्ती माणूस. तू प्राचीन ग्रीकांचा वारस आहेस, हे त्याला शाळेने शिकवले. त्यामागे अदामांतिओस कोराईस (१७४८–१८३३) हा विद्वान होता. त्याने पॅरिसमध्ये राहून प्राचीन ग्रंथ संपादून छापले. आधी शिक्षण, मग स्वातंत्र्य, हा त्याचा आग्रह. १८२१ चा उठाव त्याला घाईचा वाटला.

इथे आगरकर आठवतात ना? ते मॅट्रिक झाले अकोल्यातून, १८७५ साली. तिथले शिक्षक विष्णु मोरेश्वर महाजनी यांचा त्यांना आधार होता. पुढे मिल-स्पेन्सर वाचून त्यांनी बुद्धीलाच प्रमाण मानले. पण कोराईसला पूर्वज हवे होते, आगरकरांना नको होते. हा फरक लहान नाही, बरं का.

आगरकरांचा विचार वाचणाऱ्यांपुरता राहिला. तो शेतकऱ्याच्या पोरापर्यंत नेला पंजाबराव देशमुखांनी. विलायतेत वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहिलेला हा माणूस १९२७ साली अमरावतीत अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उभा राहतो आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढतो! नावात शिवाजी आहे, ते उगाच नाही. ज्याला जात आणि गाव एवढीच ओळख होती, त्याला एक मोठा पूर्वज मिळाला. कोराईसची युक्ती इथे कुणब्याच्या कामी आली, आणि आमच्या मते ती योग्यच होती.

आमची तक्रार निराळी आहे, आणि ती एका संस्थेबद्दल नाही, एकूण शाळेबद्दल आहे. कोराईसने भाषेत मधला मार्ग काढला: प्राचीन नको, पण बोलीही जशीच्या तशी नको, ती शुद्ध करून घ्यावी. त्यातून वाढलेली 'काथारेव्हुसा' शाळा-कचेऱ्यांत बसली आणि लोकांच्या बोलीला शिक्षणात मान मिळायला १९७६ साल उजाडले. आपल्याकडे पोरगा 'मले', 'तुले', 'काऊन' म्हणत शाळेत आला आणि पहिला धडा शिकला तो आपल्या आईच्या बोलीची लाज वाटण्याचा. मराठीपण त्याला मिळाले, पण त्याची ही किंमत कोणी हिशोबात धरली नाही. बुद्धिप्रामाण्यवाद्याने तरी विचारायला हवे होते की 'मला' शुद्ध आणि 'मले' अशुद्ध, हे कोणत्या प्रमाणाने?

बरे, पूर्वजच हवे होते तर ते अमरावती जिल्ह्यातच होते. रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र रचले. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ, आणि त्यात बोलणारी माणसे बोलल्यासारखी बोलतात. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. तिथे वऱ्हाडीचे स्थान काय, हे आपण विचारले पाहिजे.

उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० साली आली, महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी. तिच्यातली कौतिक वऱ्हाडीत बोलते आणि तिला आपण थोर साहित्य म्हणतो. त्याच 'धग'वरच्या उत्तरात विद्यार्थ्याने 'मले' लिहिले, तर त्याखाली लाल रेघ येते.