कोड्यातील शब्द आणि कवितेतील शब्द

इंदुरातील आमच्या सात-आठ स्नेह्यांचे एक मंडळ आहे. त्यांतील बहुतेक शिक्षक. काही निवृत्त, काही निवृत्तीच्या उंबरठ्यावर. मराठी वृत्तपत्रातील रोजचे शब्दकोडे सोडवावे, त्यातून निघालेला एखादा शब्द घेऊन चार ओळी रचाव्यात आणि सायंकाळपर्यंत त्या एकमेकांस पाठवाव्यात, असा त्यांचा तीन वर्षांचा परिपाठ आहे. या रचनांची एक पुस्तिका काढण्याचे आता घाटत असून ग्राह्य कोणत्या आणि त्याज्य कोणत्या, हे ठरविण्याचे काम मजकडे आले आहे. मित्रांच्या कविता तपासणे हे उत्तरपत्रिका तपासण्याहून अवघड. तेथे निदान नाव झाकलेले असते.

हा उद्योग नवा नव्हे. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत प्रहेलिका व काव्यसमस्यापूरण यांची गणना केली आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे उपयोग सांगताना क्रीडागोष्ठीतील विनोदाचा उल्लेख प्रथम केला. उलट मम्मटाने चित्रकाव्याला काव्याच्या शेवटच्या पायरीवर बसविले. मला दोघांचेही म्हणणे मान्य आहे. दंडी बैठकीचा विचार करतो, मम्मट ग्रंथाचा. आणि आमच्या मित्रांना नेमके बैठकीतून ग्रंथात जायचे आहे.

तथापि बंधन आले की काव्य गेले, असेही म्हणवत नाही. दंडीच्याच ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त आपली सारी कथा ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो, कारण प्रियेच्या दंशाने त्याचे ओठ दुखावले आहेत. आपल्या मोरोपंतांनी ‘निरोष्ठ रामायण’ रचले. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य केले म्हणजे ‘राम’ हे नावच तोंडातून काढता येत नाही. तरीही पंतांनी रामकथा तडीस नेली. पंतांच्या कौशल्याला आपण मान डोलावतो. मंत्रगुप्ताच्या बाबतीत मात्र दुखरे ओठ डोळ्यांपुढे उभे राहतात, कारण तेथे बंधनाचे कारण कथेतच आहे.

कोड्याचे बंधन कोणत्या जातीचे, हेही पाहिले पाहिजे. आर्थर विन याने 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या पत्रात जे कोडे छापले, त्यातील प्रत्येक घरात रोमन लिपीतील एक वर्ण होता. आपल्या कोड्यात एका घरात मात्रेसह संपूर्ण अक्षर बसते. आडव्या शब्दात ‘का’ असेल तर उभ्या शब्दातही ‘का’च हवा, ‘क’ चालत नाही. कोडे रचणाराची ही अडचण पद्य रचणाराची सोय होते, कारण ओवी आणि अभंग अक्षरांच्या मोजणीवर चालतात. चार घरांचा शब्द अभंगाच्या सहा अक्षरी चरणात ठेवला, की दोनच अक्षरे शोधायची उरतात. आर्येला हा हिशेब लागू नाही. ‘कमल’ आणि ‘आकाश’ दोन्ही तीन घरांचे. पण मात्रा पहिल्याच्या तीन, दुसऱ्याच्या पाच.

आता प्रत्यक्ष रचनांकडे वळू. एके दिवशी कोड्यात ‘कासव’, ‘मखर’ आणि ‘वकील’ हे शब्द आले. त्यांवरून एका स्नेह्यांनी लिहिले:

कासव चढले मखरावरती,
वकील पाही खाली;
कोडे सुटले, चहा निवाला,
कविता पुरती झाली.

लय निर्दोष आहे. शेवटच्या ओळीतील ‘पुरती झाली’ हा श्लेष पाहून मी मोकळेपणाने हसलो. पण कासवाच्या जागी गाढव आणि वकिलाच्या जागी सुतार बसवून पाहावा. मात्रा तितक्याच राहतात आणि कवितेचे काहीही बिघडत नाही. उखाण्यातही पुष्कळदा असेच घडते. पहिली ओळ कोणाच्याही नावाला चालते. नाव बदलले तरी उखाणा अबाधित. अशी रचना ज्या सकाळी कोडे सुटले, त्या सकाळपुरती गोड असते.

दुसरी रचना मंडळात सर्वाधिक वाखाणली गेली. त्या दिवशीचा शब्द होता ‘परवचा’.

दिवे लागले, कुणी न म्हणतो
आता परवचा घरी;
नातू बसला फोन घेउनी,
संस्कृती गेली खरी!

येथे माझा मंडळाशी मतभेद आहे. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारे लोक. आपल्या मुलांच्या शाळेत मराठी नाही, घरातही ती निम्मीच उरली आहे. म्हणून ‘परवचा’सारखा शब्द दिसताच आपला गळा दाटतो आणि दाटल्या गळ्याने आपण गुण देऊन मोकळे होतो. माझ्या आजोबांनी दिव्यापाशी बसवून माझ्याकडून पावकी-निमकी म्हणवून घेतली आहे, त्यामुळे मीही या दोषातून मुक्त नाही. परंतु या कडव्यात परवचा आहे कोठे? त्याच्या मृत्यूची नोंद आहे; त्याचा आवाज नाही. पावकीचा एक आकडा, मध्येच चुकलेला एखादा पाढा, अंगणातून पाय धुऊन येण्याची घाई, यांतले काहीही ऐकू वा दिसू येत नाही. शब्द वाचावा ही आपली तळमळ खरी आहे. पण त्या तळमळीचे श्रेय कडव्याच्या खात्यावर जमा करता येणार नाही.

तिसरी रचना मंडळातील सर्वांत अबोल गृहस्थांची आहे. शब्द ‘अडगळ’.

लेक म्हणे, बाबा,
काढू अडगळ;
हसलो पुष्कळ,
उठलो मी.

सहा, सहा, सहा, चार. अभंगाचा हिशेब चोख आहे. पण आधीची कसोटी येथे लावून पाहावी. ‘अडगळ’ काढून ‘पसारा’ घातला तर केवळ यमक मोडत नाही, कविताच नाहीशी होते. पसारा वापरातल्या वस्तूंचा असतो. तो आवरला की पुन्हा होतो. अडगळ म्हणजे ज्याचा उपयोग संपला, पण जे टाकवतही नाही ते. हा सूक्ष्म भेद कोड्याच्या सूचनेत कधीच येत नाही, कारण तेथे दोन्ही शब्दांचा अर्थ ‘अस्ताव्यस्त सामान’ एवढाच दिला तरी भागते. आणि ‘उठलो मी’ हे कशासाठी? हात लावायला उठला, की काढायच्या वस्तूंत स्वतःला धरून उठला? कवी सांगत नाही. मधले ‘पुष्कळ’ त्याने सांगू दिलेले नाही. माणूस साध्या विनोदाला इतके हसत नाही. त्या दिवशीचे कोडे माझ्यापुढे नव्हते, शब्द कोणता होता हेही मला मागाहून कळले. कवितेला त्यावाचून काही उणे पडले नाही.

म्हणून प्रत्येक रचनेच्या डोक्यावर त्या दिवसाचा शब्द छापावा, ही मंडळाची सूचना मी अमान्य केली आहे. ज्या ओळींना ती चिठ्ठी लागते, त्या मंडळातच वाचल्या जाव्यात. तेथे त्यांचे मोल कमी होत नाही. दोनशे चाळीस रचनांतून सतरा मी वेगळ्या काढल्या आहेत. कासवाचे कर्ते हा निकाल ऐकून प्रसन्नपणे हसले आणि त्यांनी माझ्यावर लागलीच चार ओळी रचल्या. परवच्याचे कर्ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन त्यांनी आपला कागद परत नेला. निमकी कोठवर म्हणत असत, एवढेच त्यांनी जाताना मला विचारले.