उपकरणांची नावे आणि फाइलींची घरे : लिनक्सच्या प्रारंभप्रक्रियेविषयीच्या एका वादाचे परीक्षण

संगणक सुरू होत असताना जी अडचण उद्भवते, तिला आपल्याकडील बीजांकुरन्याय तंतोतंत लागू पडतो. डिस्कवरील फाइली वाचावयाच्या तर ती डिस्क ओळखून जोडून देणारा प्रोग्राम हवा. आणि तो प्रोग्राम तर त्याच डिस्कवर फाइलीच्या रूपाने पडलेला असतो. या अडचणीतून दोन प्रश्न निघतात. संगणकाला जोडलेल्या उपकरणांना नावे कोणी द्यावयाची, हा पहिला; आणि प्रारंभी लागणाऱ्या फाइली कोठे ठेवावयाच्या, हा दुसरा. लिनक्सविषयीच्या लेखनात या प्रश्नांची चर्चा बहुधा निरनिराळी केली जाते. वस्तुतः ते एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, आणि दुसऱ्याविषयी जो कडवट वाद झाला त्याचे मूळ पहिल्याच्या उत्तरात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम उपकरणांचा विचार करू. युनिक्सच्या परंपरेत डिस्क, टर्मिनल, मुद्रणयंत्र ही सर्व 'डेव्ह' नावाच्या डिरेक्टरीत फाइलींच्या रूपाने दिसतात. अशा प्रत्येक नोंदीत दोन अंक असतात : कोणत्या ड्रायव्हरशी बोलावयाचे हे पहिला अंक सांगतो आणि त्या ड्रायव्हरच्या ताब्यातील कितवे उपकरण हे दुसरा. कर्नलला या अंकांशी कर्तव्य. नाव हे केवळ माणसाच्या सोयीचे. पूर्वी या नोंदी हाताने वा एखाद्या लहान आज्ञावलीने एकदाच करून ठेवीत. त्यामुळे संगणकाला जे उपकरण कधी जोडलेच नाही त्याचेही नाव यादीत असे, आणि जे खरोखर जोडले आहे ते कोणते, हे यादीवरून कळत नसे.

यावर रिचर्ड गूच यांनी 'डेव्हएफएस' हा उपाय योजिला. तो २००० साली कर्नलमध्ये दाखल झाला. उपकरण सापडताच कर्नलनेच त्याची नोंद करावी आणि नावही द्यावे, ही त्यामागील कल्पना. तिच्यावर दोन आक्षेप आले. नाव देणे हा धोरणाचा विषय असून धोरण कर्नलच्या बाहेर असावे, हा तात्त्विक आक्षेप. आणि दोन क्रिया एकाच वेळी घडल्यास या रचनेत घोटाळा होण्यास वाव आहे, हा व्यावहारिक आक्षेप. २००३ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 'यूडेव्ह' पुढे आणले. यात कर्नल 'अमुक उपकरण आले' एवढीच वर्दी देतो व त्याचे गुणधर्म 'सिसएफएस'मध्ये मांडतो. नियमांची फाइल वाचून नाव देण्याचे काम बाहेरचा प्रोग्राम करतो. २००६ साली डेव्हएफएस कर्नलमधून काढून टाकण्यात आले.

येथे निकाल लागला असे वाटते, परंतु तो अर्धाच लागला होता. २००९ अखेरीस कर्नलच्या २.६.३२ या आवृत्तीत 'डेव्हटीएमपीएफएस' आले, आणि मूळ नोंदी स्मृतीतील फाइल सिस्टिममध्ये पुन्हा कर्नलच करू लागला. यूडेव्हकडे उरले ते मालकी व परवानग्या ठरविणे आणि पर्यायी नावे जोडणे. 'हाकलून दिलेले डेव्हएफएस मागील दाराने परत आले' असा उपहास तेव्हा झाला. तो सर्वस्वी अन्यायाचा नव्हता, पण सर्वस्वी न्यायाचाही नव्हता. कर्नलने नावच देऊ नये, हा यूडेव्हच्या पक्षाचा टोकाचा सिद्धान्त अनुभवाने टिकला नाही; कर्नलच्या नावावर कोणी विसंबून राहू नये, हा त्यातील सारांश मात्र टिकला.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. 'एसडीए', 'एसडीबी' ही नावे उपकरणे ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने पडतात. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात असा एक संगणक होता की, त्यात नवी डिस्क बसविताच जुन्या डिस्केचे नाव तिच्याकडे गेले, आणि रात्री प्रती काढण्याची आज्ञा भलत्याच डिस्कवर लिहू लागली. डिस्कच्या अंगभूत ओळखक्रमांकावरून ठरणारे पर्यायी नाव वापरले असते तर हा अनर्थ टळता. यूडेव्हचे खरे देणे हे आहे.

आता फाइलींच्या घरांकडे वळू. १९७१ च्या युनिक्समध्ये मूळ फाइल सिस्टिम लहान पण जलद अशा डिस्कवर होती आणि 'यूएसआर' ही मोठ्या, तुलनेने मंद डिस्कवर. 'यूएसआर' म्हणजे तेव्हा वापरकर्त्यांची घरे. मूळ डिस्क अपुरी पडू लागली तसे प्रोग्रामही तेथे वस्तीस गेले. विभागणी झाली ती जागेच्या टंचाईमुळे. तिच्यामागे सिद्धान्त नव्हता. पुढे टंचाई सरली, विभागणी उरली, आणि तिला समर्थन शोधण्यात आले : मूळ भागात एवढेच असावे की ज्यायोगे यंत्र सुरू करता येईल आणि बिघडल्यास दुरुस्त करता येईल. फाइलींच्या मांडणीविषयीच्या प्रमाणसंहितेत हे समर्थन नियम म्हणून आले. मागाहून सुचलेले म्हणून ते त्याज्य ठरत नाही. अनेक वर्षे ते उपयोगीही पडले.

त्याला तडा गेला तो यूडेव्हच्या आगमनानंतर. प्रारंभीच उपकरणांच्या वर्द्या येऊ लागतात, नियमांप्रमाणे निरनिराळे प्रोग्राम चालविले जातात, आणि त्यांतील काही 'यूएसआर'मध्ये असतात. 'यूएसआर' वेगळ्या विभाजनावर असून अद्याप जोडलेली नसेल तर ते प्रोग्राम सापडत नाहीत. यंत्र थांबत नाही. एखादे उपकरण मात्र गुपचूप अर्धवट राहते. यावर तोडगा असा निघाला की, 'इनिटरॅमएफएस' या स्मृतीत उलगडणाऱ्या लहानशा संग्रहानेच मूळ भाग व 'यूएसआर' दोन्ही जोडून द्यावेत. हे एकदा मान्य केल्यावर 'बिन' आणि 'यूएसआर-बिन' वेगळे ठेवण्यास प्रयोजन उरले नाही. फेडोराने २०१२ साली सतराव्या आवृत्तीत ती एकत्र केली. डेबियनला हे पूर्णत्वास नेण्यास २०२३ ची बारावी आवृत्ती यावी लागली.

या बदलाविरुद्धचा पूर्वपक्ष असा : दोष यूडेव्हचा असताना प्रायश्चित्त आमच्या मांडणीला का? त्याच वर्षी, म्हणजे २०१२ मध्ये, यूडेव्हचा स्रोत सिस्टमडीच्या स्रोतात विलीन झाल्याने हा संशय अधिकच बळावला आणि जेंटूच्या मंडळींनी 'ईयूडेव्ह' ही वेगळी शाखा काढली. उत्तरपक्ष असा की, सीमा आधीच मोडली होती; मूळ भागातील प्रोग्राम 'यूएसआर'मधील लायब्ररींवर अवलंबून राहू लागले होते आणि कोणी तपासत नव्हते.

दोन्ही पक्षांचे म्हणणे वस्तुस्थितीस धरून आहे. परंतु दोघांनीही एकेक गोष्ट नजरेआड केली आहे. 'प्रारंभास आवश्यक' म्हणजे काय हे सर्व यंत्रांसाठी एकदाच ठरविता येत नाही, हे पूर्वपक्षाने पाहिले नाही. डिस्क सांकेतिक रूपात असेल, अनेक डिस्कांची मिळून एक केली असेल, किंवा ती नेटवर्कच्या पलीकडे असेल, तर आवश्यकतेची सीमा प्रत्येक वेळी सरकते. ती ज्या त्या यंत्रापुरती आखली पाहिजे, आणि इनिटरॅमएफएस नेमके तेच करते. म्हणून एकत्रीकरणाचा निर्णय आम्हांस योग्य वाटतो.

तथापि उत्तरपक्षाने जे नजरेआड केले ते अधिक गंभीर आहे. जुना मूळ भाग डोळ्यांसमोर होता. त्यात काय आहे हे साध्या यादीने कळे. नवा 'मूळ भाग' एका साधनाने तयार केलेल्या, बांधून ठेवलेल्या संग्रहात आहे. ते साधन चुकले तर दुरुस्तीची हत्यारे ज्या पेटीत आहेत ती पेटीच उघडत नाही. शिवाय डेबियनच्या अनुभवाने असे दाखविले की, एकाच फाइलीला दोन मार्गांनी पोहोचता येऊ लागले तरी पॅकेजांची नोंदवही त्यांना दोन फाइलीच समजते. अशा वेळी फाइल एका पॅकेजातून दुसऱ्यात आणि एका मार्गावरून दुसऱ्यावर गेली, तर श्रेणीवाढीत ती नाहीशी होण्याचा धोका असतो. जागा एक करणे सोपे. नोंदी एक करणे कठीण. एका दशकाहून अधिक काळ लागला तो यामुळे, केवळ दुराग्रहामुळे नव्हे.

या सर्व वादातून अभ्यासकाने घ्यावयाचा बोध मर्यादित पण निश्चित आहे. एखाद्या रचनेचे समर्थन ऐकताना, ते तिचे कारण आहे की मागाहून जोडलेले प्रयोजन आहे, हे पारखावे. आणि प्रयोजन असेल तर ती रचना मोडल्यावर ते कोण सांभाळणार, हेही विचारावे. बिघडलेले यंत्र आपल्या हातांनी उभे करता यावे, हे प्रयोजन 'बिन' डिरेक्टरीबरोबर संपलेले नाही. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या यंत्रातील इनिटरॅमएफएस एकदा तरी उलगडून, त्यातील प्रत्येक फाइल तेथे का आहे याचे उत्तर लिहून काढावे. ज्याला हे उत्तर देता येईल, त्याला या वादात मत देण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होईल.